अंडं इथलं, बटाटा पाहुणा आणि देवगिरीची भूक

मागे जो चर्रर्र आवाज येतोय ना, तो बिडाच्या तव्याचा आहे. मी दौलताबादला मित्राच्या घरी आलोय. थोड्या वेळानं किल्ला चढायचाय, त्याआधी पोटभर नाश्ता.

बटाट्याच्या पातळ चकत्या तेलात टाकल्या, झाकण ठेवलं. नरम झाल्यावर कांदा, हिरवी मिरची, हळद, मीठ. चकत्या कडेनं लालसर झाल्या की मध्ये खड्डे करायचे, त्यात अंडी फोडायची आणि परत झाकण. सोबत ज्वारीची भाकरी. बस्स.

आता मला सांगा, हाच नाश्ता यादवांच्या देवगिरीत करता आला असता का?

अंडं मिळालं असतं, कोंबडी आपल्या आशियातलीच. कांदा, हळद, ज्वारी, सगळं होतं. पण बटाटा? नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. पोर्तुगीजांसोबत आपल्या किनाऱ्यावर उतरला, आणि शब्दही त्यांच्याकडूनच आला. गंमत म्हणजे 'बटाटा' हा मूळ कॅरिबियन बेटांवरचा शब्द, आणि तिथे त्याचा अर्थ होता रताळं! मिरचीसुद्धा अमेरिकेचीच. त्याआधी आपण तिखटासाठी मिरी आणि पिंपळी वापरायचो. म्हणून तर मिरचीचं नाव मिरीशी जुळतं.

1327 मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी इथे हलवली. पुढे इब्न बतूता इथे आला. त्यानं इथल्या द्राक्षांचं, डाळिंबांचं कौतुक लिहून ठेवलंय. बटाटा त्याच्याही ताटात नव्हता.

आता वर किल्ल्याकडे बघा. तासलेला कडा, खंदक, अंधारी वाट. हा किल्ला लढून घेणं महाकठीण. पण उपाशी ठेवून?

1296 मध्ये अलाउद्दीन खिलजीनं देवगिरीला वेढा घातला. राजा रामचंद्र गडावर होता. धान्य समजून घाईघाईनं पोती वर नेली होती. उघडून बघतात तर काय, मीठ! ही गोष्ट फरिश्ता या इतिहासकारानं जवळपास तीनशे वर्षांनी लिहिली, त्यामुळे तिच्यात मीठमसाला किती, हे तुम्हीच ठरवा. रामचंद्राला तह करावा लागला, हे मात्र खरं.

1633 मध्ये परत तेच. मुघल सरदार महाबतखानाचा वेढा, आत निजामशाहीचा फतेहखान. नुकताच दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होऊन गेलेला. किल्ल्यातलं अन्न संपत आलं आणि शेवटी किल्ला द्यावा लागला. तोफा होत्याच, सुरुंग होते, पण पोटानंही तट पाडला.

हे मला पुस्तकातून कळलं, पण समजलं आजीमुळे. 1972 च्या दुष्काळात तिनं खडी फोडली, सरकारी सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या. आजही मी बटाट्याची साल जाड काढली की ती ओरडते, "अरे, जरा हात आवर!" आधी मला हसू यायचं. आता मी सालासकटच चकत्या करतो.

आपलं जेवण म्हणजे फक्त इथलं जेवण नाही. भुकेच्या दिवसांत जे जे आलं आणि टिकलं, ते आपलं झालं.

चला, अंडी झाली. पिवळं अजून ओलसर आहे, मला तसंच आवडतं. तुमच्या आजी-आजोबांना 72 बद्दल विचारा, आणि उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. हे कुठल्याच बखरीत नाहीये.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!