वैनगंगेच्या तीरी : पवनीचे स्तूप आणि मुचलिंदाची साक्ष

नागपूरहून आग्नेयेस उमरेड आणि भिवापूर ही बाजारगावे ओलांडून सुमारे 80 किलोमीटर गेले की वैनगंगेच्या काठी पवनी लागते. भंडारा जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. विदर्भाबाहेरचा यात्रेकरू सहसा येथे फिरकत नाही. सांची आणि अजिंठा यांची वाट ज्यांच्या पायाखालची आहे, अशा उपासकांपैकीही फार थोड्यांनी पवनी पाहिली आहे. धानाची कापणी आटोपून शेतांत पुंजणे उभे राहिले असता आम्ही या प्रदेशात हिंडलो. तेथे जे पाहिले व ज्याचा विचार केला, तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा मुलूख पाण्याचा आहे. भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. गावाला तलाव, शेताला बोडी आणि बांध्यांत धान, अशी येथील रचना. यांपैकी कित्येक तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी खोदले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात गेले आणि 1951 साली मालगुजारी संपल्यावर 'माजी मालगुजारी', म्हणजेच लोकांच्या तोंडी 'मामा' तलाव झाले. ढीवरांची मासेमारी, काठावरचे बगळे, हिवाळ्यात दुरून उतरणारी बदके आणि क्वचित धानाच्या बांधीत दिसणारी सारसाची जोडी, हे येथील नित्याचे दृश्य होय. हे तलाव मध्ययुगीन व त्यानंतरचे आहेत. त्यांचा संबंध थेट बौद्धकाळाशी जोडता येणार नाही. परंतु नदी, धान आणि रान या तिहींच्या आधाराने येथे मनुष्यवस्ती नांदत आली, ही गोष्ट मात्र फार जुनी आहे.

पवनीची बांधणीच हे सांगते. गावाच्या तीन बाजूंना मातीचा प्रचंड तट व खंदक असून चौथी बाजू वैनगंगेने राखली आहे. आज या गावाची ख्याती मंदिरांसाठी व घाटांसाठी आहे. विणकाम हा येथील जुना व्यवसाय. प्राचीन काळीही नदीचा उतार आणि बाजार यांमुळेच हे स्थळ भरभराटीस आले असावे. येथून फार दूर नसलेले, नागपूर जिल्ह्यातील अडम हेही तटबंदीचे प्राचीन नगर होते, हे 1988 पासून तेथे झालेल्या उत्खननांनी दाखविले आहे. व्यापारी मार्ग आणि विहार यांचे नाते सर्वत्र आढळते. भिक्खुसंघाला भिक्षेसाठी गाव हवे आणि वर्षावासासाठी स्थिर निवारा हवा. ज्या प्रदेशात पावसाळ्यात नद्या वाट अडवितात, तेथे वर्षावासाच्या नियमाचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

1969–70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी पवनीस संयुक्त उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि श्री. ज. प. जोशी यांनी त्याचा वृत्तांत 1972 साली प्रसिद्ध केला. जगन्नाथ टेकडीच्या आणि चांडकापूरच्या सुलेमान टेकडीच्या पोटातून विटांचे स्तूप उजेडात आले. जगन्नाथ टेकडीचा स्तूप विस्ताराने सांचीच्या महास्तूपाच्या तोडीचा आहे. त्याच्या भोवतीच्या दगडी वेदिकेचे स्तंभ मिळाले. त्यांवर शिल्पे आहेत, तसेच दान देणाऱ्यांचे ब्राह्मी लेखही आहेत. राजाच्या एका आज्ञेने उभारलेले हे स्मारक नव्हे. अनेकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दिलेल्या स्तंभांचे आणि सूचींचे ते कुंपण आहे.

या स्तंभांपैकी एकावर मुचलिंद नाग कोरलेला असून त्याचे नावही प्राकृतात लिहिलेले आहे. संबोधीनंतर अकाली मेघ दाटून आले आणि सात दिवस पाऊस कोसळला, तेव्हा मुचलिंदाने आपल्या फणेने तथागतांना छत्र धरले, ही विनयपिटकातील महावग्गाची कथा सर्वपरिचित आहे. त्या काळच्या शिल्पकारांनी बुद्धाची मानवी आकृती कोरली नाही. त्यांचे अस्तित्व ते चिन्हांनी सुचवीत. पाऊस, पूर आणि सर्प हे ज्यांच्या रोजच्या जीवनाचे भाग होते, त्या वैनगंगेच्या लोकांना ही कथा जवळची वाटली असल्यास नवल नाही.

पवनीच्या परिसरातील आणखी एक दगड येथे आठवतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात देवटेक येथे मिळालेल्या शिळेवर दोन लेख आहेत. त्यांतील जुना लेख अशोककालीन लिपीत असून प्राण्यांना पकडणे आणि मारणे यांस तो मनाई करतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो अशोकाच्या अधिकाऱ्याचा आदेश मानला आहे. ज्या रानपट्ट्याजवळ हा आदेश कोरला गेला, त्याच भागात 2012 साली उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य घोषित झाले. दोहोंचे हेतू सर्वस्वी एक नव्हेत. तरीही जीवरक्षणाचा विचार या भूमीला परका नाही, हे त्या शिळेने सिद्ध होते.

आता या इतिहासाच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. 1954 मध्ये बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भंडाऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूक लढविली. त्यांचा पराभव झाला. दोनच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि या जिल्ह्यातील गावेच्या गावे बुद्धाला शरण गेली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूरची निवड का केली, हे सांगताना नागलोकांनी केलेल्या बौद्ध धम्माच्या प्रसाराचा निर्देश केला. त्या दिवशी पवनीचा मुचलिंद अद्याप मातीखालीच होता. तो वर आला तेरा वर्षांनी.

या योगायोगाने मन भारावते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु येथेच सावध राहणे आवश्यक आहे. स्तंभावरील नागाचे शिल्प म्हणजे नाग नावाच्या मानवसमूहाचा पुरावा नव्हे. मुचलिंद भारहुतलाही कोरलेला आहे. पवनीचा दगड निःसंशयपणे जे सांगतो ते एवढेच : ख्रिस्तपूर्व काळात या नदीकाठी धम्माला मानणारे, दान देणारे आणि बुद्धकथा जाणणारे लोक होते. आमच्या मते एवढी साक्ष पुरेशी आहे. 1956 चे धम्मांतर कोणत्याही प्राचीन वंशावळीवर अवलंबून नव्हते. ते विचारपूर्वक केलेले स्वीकारण होते. 'एहि पस्सिक' असे ज्या धम्माचे वर्णन आहे, त्याच्या अनुयायांनी पुराव्याहून अधिक बोलू नये आणि पुराव्याकडे पाठही फिरवू नये.

पाठ फिरविण्याचा धोका आज अधिक आहे. पवनीच्या वरच्या अंगास गोसेखुर्दचे धरण उभे राहिले. 1988 साली त्याची पायाभरणी झाली, पुढे गावे उठली आणि नदीचे रूप पालटले. मामा तलाव गाळाने भरत आहेत. जगन्नाथ टेकडीवर मंदिर आहे, खाली स्तूप आहे. दोन्हींविषयी आदर ठेवूनच हे स्थळ जपावे लागेल. महाक्षत्रप रूपियम्माचा पवनीचा छायास्तंभ नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे, देवटेकची शिळाही तेथेच आहे. हे अवशेष कोठून गेले आणि त्यांवर काय लिहिले आहे, हे पवनीच्या शाळेतील मुलांना ठाऊक असले पाहिजे. रुयाड येथे जपानी बौद्धांच्या साहाय्याने नवा महास्तूप उभा राहिला आहे. तेथे येणाऱ्या उपासकांनी काही किलोमीटर पुढे येऊन हा जुना स्तूपही पाहावा.

सायंकाळी आम्ही टेकडीवरून उतरून घाटावर आलो. ढीवरांचे डोंगे काठाला लागत होते, बाजारहून परतणारी माणसे पुलाकडे चालली होती. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो अनामिक दाता असाच बाजार आटोपून आला असेल आणि आपल्या कमाईतून एक स्तंभ देऊन गेला असेल. त्याचे दान आपल्यापर्यंत पोहोचले आहे. ते पुढच्यांपर्यंत पोहोचविणे हे आपले कर्तव्य होय.