डिझेल पंप: मिस्त्रीचा पाना की कॅलिब्रेशनचे बेंच?

१/ रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी झाले. मात्र इंधन फवारण्यासाठी त्याला दाबाखालील हवेचा अवजड संच लागे. बॉशने १९२७ मध्ये इंजेक्शन पंपाचे घाऊक उत्पादन सुरू केले आणि लहान, वेगवान डिझेल इंजिनांचा मार्ग मोकळा झाला.

२/ पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरला १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने मायको स्थापन झाली. पुढे आंजी (मोठी)सारख्या वर्धा जिल्ह्यातील गावांच्या विहिरींवर मोटेची जागा ऑइल इंजिनाने घेतली.

३/ इंजिन गावात आले. चाचणीचे बेंच शहरातच राहिले. पीक सुकत असताना शेतकरी कोणाची वाट पाहणार? गावच्या मिस्त्रीने पाना हाती घेतला.

४/ एका सिलिंडरच्या इंजिनाचे टायमिंग त्याला खरोखर साधे. फ्लायव्हीलवरील खूण पाहायची आणि पंपाखालच्या पातळ पत्र्या कमी-अधिक करायच्या.

५/ ट्रॅक्टरचा पंप निराळा. प्रत्येक सिलिंडरला समान डिझेल मिळते का, हे बेंचवरील मोजनळ्यांतच कळते. अंदाजाने डिझेल वाढवले, तर ताकदीसोबत काळा धूर येतो. पिस्टनही जळू शकतो.

६/ वर्ध्यातच १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापला. त्या विचाराच्या कसोटीवर पाहिले, तर उणीव मिस्त्रीच्या कौशल्यात नव्हती. यंत्र गावात पोहोचले, मोजमाप पोहोचले नाही.