आमच्या जबलपूरचा कवचधारी

ग्वारीघाटावर बाप्पांना निरोप देताना आम्हा जबलपूरकर मराठी मंडळींच्या मनात नर्मदामाईखेरीज दुसरे काही नसते. पण याच नदीकाठच्या लमेटाघाटाचे नाव जगभरच्या भूवैज्ञानिकांना ठाऊक आहे. तेथील सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांना 'लमेटा थर' म्हणतात. आपल्या बडा शिमला टेकडीवरही तेच थर आहेत.

भोसल्यांच्या हातून जबलपूर इंग्रजांकडे गेले, त्याला जेमतेम दहा वर्षे झाली होती. १८२८ साली, पुढे ठगांच्या बंदोबस्तामुळे गाजलेल्या स्लीमन यांना येथे काही अश्मीभूत हाडे मिळाली. ती कोलकात्याला गेली आणि १८७७ मध्ये लायडेकर यांनी त्या प्राण्याला 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. तो लांब मानेचा, अजस्र शाकाहारी डायनोसॉर होता.

१९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स मॅटले यांनी दुर्गाशंकर भट्टाचार्जी यांच्या मदतीने बडा शिमला खणला. कंबरेची हाडे, नडगीचे हाड आणि हाडांचेच बनलेले कवचाचे तुकडे मिळाले. हे सारे एकाच प्राण्याचे समजून मॅटले यांनी १९२३ मध्ये 'लमेटासॉरस इंडिकस' हा चिलखती, शाकाहारी डायनोसॉर जाहीर केला. घाटाचे नाव प्राण्याला मिळाले, याचा आम्हाला आजही अभिमान वाटतो.

पण १९३५ मध्ये चक्रवर्ती यांनी शंका काढली. कंबरेची हाडे मांसाहारी डायनोसॉरची होती! म्हणजे एकाच ठिकाणी पडलेली निरनिराळ्या प्राण्यांची हाडे एकत्र जोडली गेली होती. मग कवच कोणाचे? १९८० मध्ये अर्जेंटिनातील 'साल्टासॉरस'ने दाखवून दिले की, टायटॅनोसॉरच्या कुळातही अंगावर हाडांचे कवच असणारे प्राणी होते. त्यामुळे जबलपूरचे तुकडेही त्याच शाकाहारी कुळातले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात.

थोडक्यात, लमेटासॉरस मोडला, पण कवचधारी शाकाहारी आपल्याकडून पूर्णपणे हिरावला गेला नाही. नातवंडांना टेकडी दाखवताना आपण नुसते नाव सांगून थांबू नये. चूक कशी झाली आणि ती कोणी दुरुस्त केली, हेही सांगावे. बुद्धिदात्याच्या उत्सवात ही शिदोरी मुलांच्या हाती देण्यासारखीच आहे.