राक्षसांच्या भेटीगाठी आणि काळा धागा

एका चित्रपटातला राक्षस दुसऱ्या चित्रपटातल्या राक्षसाला भेटतो, हा प्रकार पडद्यावर रुळवला तो हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने. ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे तिचे १९३१चे चित्रपट, ‘द वूल्फ मॅन’ १९४१चा. १९४३ साली ‘फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वूल्फ मॅन’मध्ये दोघे समोरासमोर आले. पुढच्याच वर्षी ‘हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये ड्रॅक्युलाही सामील झाला. १९४८ साली ॲबट-कॉस्टेलो या विनोदी जोडीने तिघांनाही हसण्यावारी नेले आणि शेवटी अदृश्य माणसाचा नुसता आवाज ऐकू आला. हे जमले, कारण सगळी भुते एकाच मालकाच्या दावणीला होती.

१९४३च्या चित्रपटाची एक गोष्ट अभ्यासकाने विसरू नये. मूळ संहितेत राक्षस आंधळा होता आणि बोलतही होता. चित्रीकरणानंतर त्याचे संवाद कापले गेले. त्याबरोबर आंधळेपणाचा उल्लेखही गेला. बेला लुगोसी हात पुढे करून चाचपडत चालतो, ते का, हे प्रेक्षकाला कळेनासे झाले. कारण गेले, चाल उरली. आणि राक्षसाची नक्कल करणारी मुले आजही तीच चाल चालतात.

आपल्याकडच्या चित्रपटांचेही असेच झाले आहे, असे माझे म्हणणे आहे. टारझन ही एडगर राइस बरोजची निर्मिती, किंग काँग आरकेओ कंपनीचा. तिकडे दोघांचे घराणे वेगळे. मुंबईत मात्र १९६५ साली ‘टारझन अँड किंग काँग’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला. त्याआधी १९६२ साली बाबूभाई मिस्त्रींनी ‘किंग काँग’ काढला. त्याचा नायक वानर नव्हे, दारा सिंग. वानराचे हे नाव आखाड्यात आधीच माणसाचे झाले होते: एमिल चाया हा धिप्पाड मल्ल ‘किंग काँग’ म्हणूनच कुस्त्या खेळे आणि दारा सिंग त्याच्याशी लढले होते. म्हणजे हॉलिवूडमध्ये पात्रे भेटली, मुंबईत पडदा आणि आखाडा भेटले. याला ‘नक्कल’ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण त्या शब्दाने काहीच उलगडत नाही.

बाबूभाईंचेच पाहा. १९३७ साली विजय भट्ट यांनी ‘ख्वाब की दुनिया’ काढला. त्यामागे युनिव्हर्सलच्याच ‘द इन्व्हिजिबल मॅन’ची (१९३३) प्रेरणा होती. न दिसणारा माणूस वस्तू उचलतो, हे दाखवायला बाबूभाईंनी काळा धागा वापरला. काळ्या पार्श्वभूमीवर काळा धागा कॅमेऱ्याला दिसत नाही, वस्तू तेवढी अधांतरी हलते. त्यावरून त्यांचे नावच ‘काला धागा’ पडले. कल्पना परदेशी होती, हिकमत इथली.

मी राहतो नारपोलीत. आमच्या भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट हेच घड्याळ. इथे एक तार तुटली तरी माग थांबवावा लागतो, आणि तयार कापडावर मात्र विणणाऱ्याचे नाव नसते. म्हणून धागा ओढणाऱ्या हातांकडे माझे लक्ष आधी जाते. उत्तर प्रदेशातून, तेलंगणातून आलेली माणसे इथे शेजारी-शेजारी माग चालवतात. कुस्ती, झुंज आणि चमत्कार यांना त्यांच्यात दुभाषा लागत नाही. अशा प्रेक्षकाला पुढच्या बाकावरचा म्हणून हिणवायचे आणि त्याच्या आवडीचे चित्रपट इतिहासातून गाळायचे, ही आपली जुनी खोड आहे.

तिची किंमत मोठी आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. तोवर मूकपटांच्या बहुसंख्य प्रती नाहीशा झाल्या होत्या; ‘आलम आरा’चीही प्रत आज उपलब्ध नाही. जे मानाचे चित्रपट, त्यांची ही गत. मग मारामारीच्या चित्रपटांची काळजी कोण वाहणार? त्यांची गीतपुस्तिका, भित्तिपत्रक, जाहिरातीचा कागद जिथे सापडेल तिथे जपला पाहिजे आणि त्यावरच्या तंत्रज्ञांची नावे नोंदली पाहिजेत. नाहीतर आपल्याही हाती नुसती चाल उरेल, कारण उरणार नाही.