‘पाद्री’ : एका द्वितीयेचा प्रवास

वसईच्या ख्रिस्ती समाजाविषयी लिहिताना ‘पाद्री’ हा शब्द पोर्तुगीज म्हणून नोंदवून अभ्यासक बहुधा पुढे जातात. व्युत्पत्ती मात्र तेथे संपत नाही. ‘पाद्रे’च्या मागे लॅटिन ‘पातेर’ हे तृतीय गणातील पुल्लिंगी नाम आहे : प्रथमा पातेर, द्वितीया पात्रेम्, चतुर्थी पात्री, षष्ठी पात्रिस. शेजारी संस्कृत पिता, पितरम्, पित्रे, पितुः ही रूपे ठेवली की मूळ एकच असल्याचे वेगळे सांगावे लागत नाही.

लॅटिनमधून पोर्तुगीज घडताना नामांच्या विभक्ती गळाल्या आणि नाम टिकले ते बहुधा द्वितीयेच्या रूपात. ‘पात्रेम्’मधील अन्त्य ‘म्’ लोपला, ‘त’चा ‘द’ झाला. मराठीने संस्कृतातून उचलला तो प्रथमेचा ‘पिता’. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि एकाच शब्दाची ही दोन विभक्तिरूपे परस्परांना न ओळखता एका किनाऱ्यावर नांदू लागली.

खरी गंमत पुढेच आहे. अन्त्य ‘ए’चा ‘ई’ करून मराठीने ‘मेस्त्रे’चा मेस्त्री केला, तसाच ‘पाद्रे’चा पाद्री, आणि तो माळी, तेली, धोबी यांच्या पंक्तीत जाऊन बसला. माळ्याला, तसे पाद्र्याला. पोर्तुगीजमध्ये विभक्तिरूपे गमावलेल्या नामाला विकार पुन्हा लाभला तो मराठीत. ज्याचे सामान्यरूप होते, त्या शब्दाला परका कोणत्या निकषावर म्हणायचे? ‘फादर’ हा त्याच मूळ धातूचा, ‘प’चा ‘फ’ झालेला इंग्रजी अवतार. पण ‘फादरला’ म्हणताना तो एकवचनात अविकृतच राहतो. वसईकर ख्रिस्ती बोलण्यात आज तोच वापरतात, हे लक्षणीय आहे.

कारण ‘पाद्री’ला चिकटलेला संशयाचा रंग वसईचा नव्हे. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी ज्यांच्याशी वाद घालत होते ते प्रॉटेस्टंट मिशनरी होते. त्या वादांची छटा पुढे वसईच्या मराठीभाषक कॅथलिक धर्मगुरूंच्याही वाट्याला आली. फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनासाठी अध्यक्ष म्हणून निवड झाली, तेव्हा उठलेल्या विरोधात ती स्पष्ट दिसली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) वसईच्या चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमध्ये होई. क्रूसाची खूण करताना षष्ठीचे ‘पात्रिस’ उच्चारले जाई. उपासना मराठीत आल्यावर त्या जागी ‘पिता’ आला.