गाडी उलटी करून बघा

रविवारी सकाळी मी पुण्याच्या जुन्या बाजारात जातो म्हणजे, घरच्यांच्या मते, भंगार विकत आणायला जातो. त्यांचं फार चुकतं असंही नाही. गेली सात-आठ वर्षं मी गाड्यांची छोटी मॉडेल्स जमवतोय. आधी हॉट व्हील्स, मग १:४३ वाली, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्शाएवढी. मॉनिटरखाली रांगेने लावायची आणि बिल्ड होईपर्यंत बघत बसायची. पण खरं सांगायचं तर अलीकडे कंटाळा आला होता. यादीवर खुणा करत जायचं, एवढंच उरलं होतं.

तर झालं असं, की एका फडक्यावर नळाच्या तोट्या, गंजके पाने आणि कॅसेट प्लेअरची झाकणं यांच्यात एक हिरवट गाडी पडली होती. हातात घेतली तर चांगली जड. "लोखंडी आहे साहेब, आता अशी मिळत नाही," इति विक्रेता. (असल्या गाड्या लोखंडाच्या नसतात, जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. पण घासाघीस चालू असताना ज्ञान पाजळू नये.) आकार ओळखीचा होता. आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड! निदान मला तरी तसं वाटलं. ठेवण थेट जुन्या डिंकीची. दोनशे रुपयांत डिंकी म्हणजे लॉटरीच, असं मनातल्या मनात म्हणत घरी आलो.

घरी आल्यावर गाडी उलटी केली. पोटावर 'टॉईज' हा शब्द स्वच्छ, पण त्याच्या आधीची जागा खोडरबरने घासल्यासारखी. खाली 'मेड इन इंडिया'. झालं! डुप्लिकेट माल. रंग जाड, दाराच्या रेषा बुजलेल्या, कडांना धातूची बारीक पापुद्र्यासारखी झालर. वर बाबांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, ही हेराल्ड कुठली? आपल्या गाडीला दोन दिवे होते. हिला चार आहेत."

म्हणजे डुप्लिकेट, तीही भलत्याच गाडीची. पेंट रिमूव्हरची बाटली बाल्कनीत होतीच. म्हटलं, निदान खरवडून छान रंग तरी देऊ. पण त्याआधी सहज शोधायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. डिंकीचा जन्म रेल्वेच्या पोटी झाला. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये मेकॅनोचं पेटंट घेतलं, पुढे त्याची कंपनी खेळण्यातल्या आगगाड्याही करू लागली. त्या आगगाड्यांच्या शेजारी ठेवायला म्हणून १९३३ च्या अखेरीस छोट्या मोटारी आल्या आणि १९३४ मध्ये त्यांचं नाव डिंकी टॉईज झालं. १:४३ हा विचित्र आकडाही तिथलाच. हॉर्नबीच्या ओ गेज आगगाडीत खऱ्या एका फुटाला ७ मिलिमीटर धरत. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, भागा सातने. उत्तर साडेत्रेचाळीस! इतकी वर्षं हा आकडा मी बघत होतो आणि तो कुठून आला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. हार्डकोड केलेल्या नंबरबद्दल ज्युनिअर पोरांना मी किती बोलतो, आणि इथे...

असो. या गाड्या साच्यात ओतून होतात. पोलादी साचा कोरायला प्रचंड खर्च येतो. एकदा तो झाला की लाखो नग काढायचे, तेव्हा कुठे पैसे वसूल होतात. १९५६ मध्ये कॉर्गीने खिडक्यांना पारदर्शक प्लॅस्टिक लावलं आणि डिंकीला धावाधाव करावी लागली. १९६८ मध्ये मॅटेलच्या हॉट व्हील्स बारीक आसांवर सुसाट पळायला लागल्या आणि सगळ्याच ब्रिटिश गाड्या पोरांना मंद वाटू लागल्या. लिव्हरपूलचा बिन्स रोडवरचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला.

पण त्याच्या बऱ्याच आधी, १९६० च्या दशकात, मेकॅनोने आपले काही जुने साचे कलकत्त्याच्या एस. कुमार अँड कंपनीला विकले होते. त्या साच्यांतून निघालेल्या गाड्या 'निकी टॉईज' नावाने विकल्या गेल्या. डिंकीचं निकी! साचा तोच, वरचं नाव तेवढं बदललेलं. आमच्या भाषेत फाईंड अँड रिप्लेस. माझ्या गाडीच्या पोटावरचा घासलेला शब्द म्हणजे तोच बदल. आणि चार दिव्यांची ती गाडी ट्रायम्फ व्हिटेस निघाली. १९६२ मध्ये आलेली हेराल्डचीच बहीण. अंग तेच, पण सहा सिलिंडरचं इंजिन आणि चार तिरके दिवे. म्हणजे बाबाही बरोबर, आणि मीही अगदीच चूक नाही.

आता यातली मजा बघा. त्या काळात परकीय चलनाची टंचाई, आयातीवर कडक बंधनं. ब्रिटनमध्ये मॉरिस ऑक्सफर्ड जुनी झाली, तिची कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला अँबॅसडर झाली आणि २०१४ पर्यंत निघत राहिली. इटलीची फियाट ११०० कुर्ल्यात बनता बनता पद्मिनी झाली. ट्रायम्फ हेराल्ड मद्रासला जाऊन स्टँडर्ड हेराल्ड झाली, आणि पुढे इथे तिला चार दारं मिळाली, जी ब्रिटनमध्ये कधीच नव्हती. खऱ्या गाड्यांची जी वाट, तीच खेळण्यांची. अँबॅसडरला आपण डुप्लिकेट म्हणत नाही. मग मी माझ्या निकीला का म्हणत होतो?

त्या रात्री मी शेल्फवरच्या सगळ्या गाड्या उलट्या केल्या. इतकी वर्षं फक्त वरचा रंग बघत होतो. शाळेत असताना घेतलेल्या एका हॉट व्हील्सच्या पोटावर लिओ आणि इंडिया सापडलं. तिचा साचाही असाच परदेशातून आलेला. इंग्लंड, हाँगकाँग, मकाऊ, मलेशिया, थायलंड... खेळण्यांचा धंदा स्वस्त मजुरीच्या मागे कसा फिरला, त्याचा नकाशाच माझ्या कपाटात पालथा पडलेला. तेव्हापासून दुकानात मी गाडी आधी उलटी करतो. दुकानदार विचित्र नजरेने बघतात.

एक काळजी मात्र लागली. युद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी आज भुसभुशीत होऊन तुटतायत. जस्तात शिशाची किंचित भेसळ राहिली की धातू आतून पोखरतो, त्याला झिंक पेस्ट म्हणतात. त्यावर उपाय नाही. गाडी ओतली त्याच दिवशी तिचं भविष्य ठरलेलं असतं. माझ्या निकीच्या मागच्या बंपरजवळ केसाएवढी एक रेघ आहे. ती साच्याची आहे की तडा, हे भिंगातूनही कळत नाही. फोटो काढून तारीख घालून ठेवलाय. दर सहा महिन्यांनी ताडून बघणार.

पेंट रिमूव्हर शेजाऱ्यांच्या खिडकीला कामी आला. जाड हिरवा रंग आहे तसाच राहिला. बाबा येता-जाता गाडी उचलून दिवे मोजतात आणि परत ठेवतात, तीही उलटी.