परमच्या पोटातलं जाळं

धुळ्याहून रेल्वेने जळगावला जायचं तर आधी चाळीसगाव गाठावं लागतं; थेट रूळ नाहीत. शेकडो प्रोसेसर एकत्र जुंपून महासंगणक उभारणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. कोणाला कोणाशी थेट जोडायचं आणि कोणाला वळसा घालायला लावायचा? पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने याचं उत्तर दर काही वर्षांनी बदललं.

सी-डॅकची स्थापना १९८८ची. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला क्रे महासंगणक अमेरिकेकडून मिळाला नव्हता. डॉ. विजय भटकर आणि सहकाऱ्यांनी मग बाजारात मिळणारे प्रोसेसर जोडण्याची वाट धरली. त्यांच्या १९९१च्या परम ८००० या महासंगणकात ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर, म्हणजे एकमेकांना जोडण्यासाठीच घडवलेले प्रोसेसर, होते. त्यात वेगळं नेटवर्क कार्ड निवडायचा प्रश्नच नव्हता, कारण प्रत्येक चिपमध्येच चार लिंक होत्या, प्रत्येकीचा वेग सेकंदाला २० मेगाबिटपर्यंत. पण इन्मॉसची पुढची चिप, टी-९०००, रखडत गेली. जाळं चिपमध्येच असल्यामुळे चिप बदलायची म्हणजे जाळंही नव्याने शोधणं आलं.

१९९४च्या परम ९०००ने स्पार्क प्रोसेसर घेतले आणि जोडणीसाठी टप्प्याटप्प्याने मांडलेल्या स्विचची क्लॉस रचना. चार्ल्स क्लॉस यांनी ती १९५३ साली टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडली होती!

खरी निवड आली ती परम १००००च्या वेळी, १९९८मध्ये. आता नोड, म्हणजे जाळ्यातला एकेक संगणक, म्हणून सन कंपनीचे तयार सर्व्हर होते. त्यांना जोडायला फास्ट इथरनेट स्वस्त, कुठेही मिळणारं. वेग १०० मेगाबिट. मग अडलं कुठे? हवामानाच्या गणितात नकाशाचे तुकडे करून ते नोडांना वाटून दिलेले असतात आणि गणिताच्या प्रत्येक पायरीला शेजारच्या तुकड्याच्या कडेचे आकडे लागतात. निरोप छोटे, पण अखंड चाललेले. अशा कामात जाळ्यातून एका वेळी किती डेटा जातो यापेक्षा पहिला बाइट किती लवकर पोचतो, याला जास्त मोल. नेहमीच्या इथरनेटवर मात्र प्रत्येक निरोप ऑपरेटिंग सिस्टीमच्या थरांतून उतरतो आणि तोवर प्रोसेसर ताटकळतो.

म्हणून सी-डॅकने परमनेट घडवलं. आठ पोर्टांचा स्विच, प्रत्येक पोर्टला दोन्ही दिशांनी ४०० मेगाबिट. २००३च्या परम पद्मसाठी परमनेट-२ आलं, २.५ गिगाबिटचं. ते यंत्र जगाच्या टॉप-५०० यादीत १७१वं ठरलं. २००८च्या परम युवामधलं परमनेट-३ १० गिगाबिटवर पोचलं. त्याच्या ४८ पोर्टांच्या स्विचचं नाव ‘अन्वय’.

दरम्यान, २००७मध्ये पुण्यातच टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने वेगळाच डाव टाकला. त्यांच्या ‘एक’ महासंगणकात एचपीचे सर्व्हर होते, तर जोडणीसाठी मेलानॉक्स आणि व्होल्टेअर या कंपन्यांची इन्फिनिबँड या जलद जाळ्याची उपकरणं. सगळा माल बाजारातला, तरी जगात चौथा क्रमांक. घरच्या जाळ्याच्या अभिमान्यांना हे झोंबलं असेल तर नवल नाही. २०१३च्या परम युवा-२मध्ये खुद्द सी-डॅकनेही इन्फिनिबँड वापरलं. हिशेब म्हणून ते बरोबरच होतं.

फक्त विक्रेते उरले कमी. व्होल्टेअर २०११मध्ये मेलानॉक्सने घेतली आणि मेलानॉक्स २०२०मध्ये एनव्हिडियाने. राष्ट्रीय महासंगणन मोहिमेत सी-डॅकने पुन्हा स्वतःचं जाळं विणायला घेतलं आहे. त्याचं नाव ‘त्रिनेत्र’; आधी १०० गिगाबिट आणि मग २०० असे त्याचे टप्पे आहेत.